सोळाशे मीटर

वर्धा, ३ नोव्हेंबर २०२५

बाबा, जयभीम.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन तुम्ही घेत नाही म्हणून हा उद्योग. तुमच्या शेजारचे वासुदेवराव सांगत होते, माझं नाव दिसलं की तुम्ही मोबाइल खाटेवर पालथा घालता आणि वाजणं थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसता. पत्र निदान वाजत तरी नाही.

चार वर्षांत काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. तुमची नात संबोधी सव्वादोन वर्षांची झाली. आम्ही तिला बोधी म्हणतो. पौर्णिमाला गडचिरोलीकडे सरकारी दवाखान्यात नर्सची कायम नोकरी लागली. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर मिळालेली ऑर्डर, नाही कशी म्हणणार? ती पंधरा दिवसांतून एकदा दोन दिवस येते. मी अजून भूमी अभिलेखमध्येच आहे. लोकांच्या शेतांचे धुरे मोजतो आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या शिव्या खातो. म्हणजे घरात आम्ही दोघंच, मी आणि बोधी, आणि दोघांपैकी साहेब कोण हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

सकाळी पाचला उठतो. तिला गोधडीसकट तीन चाकांच्या बाबागाडीत टाकतो आणि पळायला निघतो. गाडी पुलगावच्या कॅम्पातून बदली होऊन निघालेल्या एका सुभेदाराकडून जुनी घेतली, पण चाकं अजून झकास आहेत. बोधीच्या हातात स्टीलचा एक चमचा असतो. तो तिला झोपेतही लागतो. आर्वी नाक्यापर्यंत ती पेंगते, मग जागी होऊन चमच्यानं दांडा वाजवत मला हाकते. परत आलो की अंघोळ, दूधभाकरीचा कुस्करा, अर्धा तिच्या पोटात, अर्धा माझ्या शर्टावर. दहाला शेजारच्या इंदिराकाकूंकडे सोडतो. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. संध्याकाळी घ्यायला जातो तेव्हा बोधी मला ओळख दाखवत नाही.

एक छोटं काम होतं. ऑफिसात विम्याचा फॉर्म भरायचा आहे, त्यात आईच्या मृत्यूचं कारण विचारलंय. माय गेली तेव्हा मी नववीत होतो, रुपेश पाचवीत. तुम्ही तापानं गेली म्हणाला होतात. तोच ताप लिहू का? एका ओळीत कळवलं तरी चालेल.

तुमचा
प्रफुल्ल

वर्धा, ११ नोव्हेंबर

बाबा, जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. यायचं कारणही नव्हतं, कारण मी खोटं लिहिलं होतं. फॉर्म वगैरे काही नाही.

मी पडलो, बाबा. दिवाळी झाल्यावरच्या रविवारी. नेहमीसारखा पळत होतो, बायपासच्या उतारावर. दम लागला नव्हता, पाय दुखत नव्हते. आधी आवाज गेला. चाकांचा, माझ्या बुटांचा, सगळाच. मग काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा गाल गिट्टीवर होता आणि हातात गाडीचा दांडा नव्हता.

किती वेळ गेला होता कोण जाणे. मान वर केली तर गाडी उतारावरून वीसेक पावलं पुढं जाऊन रस्त्याकडेच्या बेशरमाच्या झुडपात अडकली होती. तेवढ्यात बाजूनं एक ट्रक गेला. गाडी हातभर उजवीकडे वळली असती तर मी हे पत्र लिहीत नसतो, कोणतंच पत्र लिहीत नसतो. मी रांगत तिच्यापर्यंत गेलो. ती हसत होती. चमचा हलवून मला म्हणाली, "बाबा, पुन्ना!"

तिला वाटलं, मी मुद्दाम सोडली. मीही हसलो, कारण मी रडलो असतो तर ती घाबरली असती. पौर्णिमानं फोनवर गुडघ्याचं विचारलं तेव्हा सांगितलं, टेबलावरून पडलो. ती नर्स आहे. खरं सांगितलं तर तिला माझ्या आधी सगळं कळेल आणि ती दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन दारात उभी राहील.

आणि शहाणपणा ऐका. त्यानंतरही मी दोन दिवस पळालो. थांबलो असतो तर झालेलं खरं ठरलं असतं. गाडी सुटू नये म्हणून पौर्णिमाच्या ओढणीनं दांडा मनगटाला बांधला. तिसऱ्या दिवशी गाठ मारता मारता लक्षात आलं, आता पडलो तर गाडी सुटणार नाही, पण माझ्या वजनानं तिला घेऊन उलटेल. तिथंच गाठ सोडली. तेव्हापासून पळणं बंद आहे. उद्या डॉक्टरकडे जातोय.

माय कशानं गेली, बाबा?

प्रफुल्ल

वर्धा, १९ नोव्हेंबर

बाबा, जयभीम.

मोठ्या दवाखान्यात दोन दिवस गेले. छातीवर थंड जेली लावून हृदय टीव्हीवर दाखवतात. बोधी मांडीवर बसून बघत होती आणि माझ्या हृदयाला तिनं टाटा केला.

हृदयाची एक भिंत जाड झाली आहे. रक्त बाहेर पडायची वाट त्यामुळं अरुंद होते, आणि कधी कधी ठोके एकदम भरकटतात. माणूस तेव्हा पडतो. कधी उठतो, कधी उठत नाही. डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे का?"

मी धाकट्या भावाचं, रुपेशचं सांगितलं. एकविसाव्या वर्षी, पोलीस भरतीचा सराव करताना, ऑक्टोबरच्या उन्हात. कागदावर ऊन लागून असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, एक मृत्यू योगायोगही असू शकतो, आणखी कोणी आहे का ते विचारा. कारण आणखी कोणी असलं तर माझ्या छातीत एक यंत्र बसवायचं ठरेल. ठोके भरकटले की ते आतून झटका देऊन माणसाला परत आणतं. आणि हा आजार घरातून येतो, बाबा. बोधीला असायची शक्यता निम्मी आहे. पंधरा डिसेंबरला तिची तपासणी आहे. निम्मी हा शब्द मी रोज वापरतो, दोन भावांत वावर वाटताना.

खरी भीती मला मरणाची नाही. मी घरात पडलो आणि ती एकटी माझ्याजवळ राहिली तर काय, ह्याची आहे. ती कडीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मी आता दार नुसतं लोटून ठेवतो, कडी लावत नाही. मग भीती वाटते की ती रस्त्यावर जाईल. मग दाराशी खुर्ची लावतो. मग वाटतं, इंदिराकाकूंना आत कसं येता येईल? मग खुर्ची काढतो. रोज संध्याकाळी हा खेळ चालतो.

आणखी एक खेळ शिकवतोय. बाबा पडले की काकूंकडे जायचं आणि चमच्यानं त्यांचं दार वाजवायचं. मी स्वयंपाकघरात आडवा होतो, डोळे मिटतो आणि वाट बघतो. ती येते. चमच्यानं माझ्या नाकावर टकटक करते. मग माझ्या शेजारी आडवी होते आणि डोळे गच्च मिटून घेते. दहा दिवस झाले, रोज तेच. काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

म्हणाल्या, "तुमच्या घरी मोठं कोणी नाही का हो? वडील वगैरे?"

मी म्हटलं, आहेत.

प्रफुल्ल

वर्धा, २८ नोव्हेंबर

बाबा,

आज काही मागत नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि आता ती सांगायला वेळ आहे की नाही ह्याचीही खात्री वाटेनाशी झाली आहे.

रुपेशला पोचवलं त्या दिवशी मशानात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तू पळवलं त्याले." मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असेल की मला ते मान्य आहे. मान्य होतंच, पण जेवढं तुम्हाला माहीत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं.

रुपेशला सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारायचे होते. हिंगणघाट रोडवर नाल्याच्या पुलापासून ते निंबाच्या झाडापर्यंतचे सोळाशे मी मोजले होते, आठवतं? सायकलच्या चाकाचा घेर दोरीनं मोजला, चाकाच्या एका आरीला चिंधी बांधली, फेरे मोजत गेलो. आठशे एकोणतीस फेरे. पुलाच्या कठड्यापाशी चुन्याची रेघ मारली. मोठी ऐट होती मला.

घेर मी आदल्या दिवशी मोजला होता, रुपेशच्या लहान सायकलचा. सकाळी ती पंक्चर निघाली. म्हणून तुमची मोठी सायकल घेऊन गेलो, आणि फेरे तेवढेच मोजले. चाक बदललं हे डोक्यातच आलं नाही. आज गावोगाव लोकांना मोजणीची नक्कल सही-शिक्क्यानिशी देणारा तो मीच.

दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका वावराची मोजणी होती. मोजणीचं मशीन जवळ होतं, म्हणून सहज पुलापासून निंबापर्यंत अंतर घेतलं. अठराशे चोवीस मीटर भरलं. तीनदा घेतलं. मग गाडीत बसून हिशेब केला. रुपेश त्या अठराशे चोवीसला पाच मिनिटं पन्नास सेकंद घ्यायचा. म्हणजे सोळाशेला पाच मिनिटं सात सेकंद. तो पास होता, बाबा. कितीतरी आठवडे पास होता. आणि मी रोज त्याला म्हणत होतो, चाळीस सेकंद कमी कर, लेका, चाळीस सेकंद.

त्या सकाळी तो दोनदा पळून झाला होता. वाकून गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "दादा, छातीत कसंतरी होऊन राह्यलं." मी म्हटलं, अजून एकदा, मग घरी. तो पुलाकडे परत गेला. येताना मैलाच्या दगडापाशी पडला. मी झाडाखालून ओरडलो, ऊठ, नाटकं नको. घड्याळ थांबवलंसुद्धा नाही. त्याच्यापर्यंत पोहोचलो तेव्हाही ते माझ्या हातात चालूच होतं.

हे मी पौर्णिमालाही सांगितलेलं नाही. दोन वर्षं पोटात घेऊन फिरतोय. परवा परत तिकडे काम होतं. घरावरून आलो नाही, लांबून गेलो. पुलावर चुन्याची रेघ अजून ताजी आहे. म्हणजे गावातली पोरं अजून तीच रेघ धरून पळतात की काय? कोणाच्या तरी हातात घड्याळ असेल आणि तो कोणाला तरी म्हणत असेल, अजून एकदा. मला गाडीतून उतरून रेघ पुसायचीसुद्धा हिंमत झाली नाही. एवढा भ्यालोय मी.

प्रफुल्ल

वर्धा, ५ डिसेंबर

बाबा,

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या.

काल संध्याकाळी सातच्या सुमारास बोधीसाठी दूध तापत ठेवलं होतं. मी ओट्यापाशीच उभा होतो. पुन्हा आधी आवाज गेला.

शुद्धीवर आलो तेव्हा इंदिराकाकू माझे खांदे गदागदा हलवत होत्या. खिडक्या सताड उघडल्या होत्या. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि तसाच सुरू होता. काकूंना जिन्यात वास आला. दार लोटलेलंच होतं म्हणून त्या आत शिरल्या. कडी लावलेली असती तर? मी रात्रभर हेच करत बसलो, कडी लावलेली असती तर, काकू बाजारात गेल्या असत्या तर.

आणि बोधी. ती माझ्या शेजारी आडवी होती. डोळे गच्च मिटलेले, चमचा छातीशी धरलेला. काकूंनी तिला उचललं तरी ती डोळे उघडेना. मी तिचं नाव घेतलं तेव्हा एक डोळा उघडून बघितलं आणि म्हणाली, "बाबा उठला."

मीच शिकवलं तिला हे. जीव वाचवायचं शिकवायला गेलो आणि माझ्याजवळ निजायचं शिकवून बसलो. रुपेशचंही असंच केलं. मी कोणाचं भलं करायला निघालो की भीती वाटते.

काकूंनी आज रजा टाकायला लावली. त्या दिवसभर इथं बसून आहेत, पण त्यांचा मुलगा परवा त्यांना पुण्याला न्यायला येतोय. पौर्णिमाचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा बोधीच्या हातात दिला.

डॉक्टर म्हणतात, मायचं कळलं की यंत्राचं लगेच ठरवता येईल. उद्या सहा डिसेंबर. तुम्ही पहाटेच विहारात जाऊन बसाल, मला ठाऊक आहे. तिथून आल्यावर एक ओळ लिहा. माझ्यासाठी लिहू नका. मला चार वर्षं लिहिलं नाही ते बरोबरच होतं. तिच्यासाठी लिहा. तिनं तुमचं काही बिघडवलेलं नाही.

प्रफुल्ल

अल्लीपूर, ९ डिसेंबर

प्रफुल्ल,

जयभीम.

तुह्या पाची चिठ्ठ्या भेटल्या. पहिली आली त्याच दिवशी वाचली. लिहाले बसलो का हात थांबे. सहा तारखेले विहारात बसलो होतो तं चार चिठ्ठ्या खिशातच होत्या. पाचवी काल आली. त्याच्यानंतर जेवन गेलं नाई.

तुही माय तापानं नाई गेली. हापशीवर पानी भरता भरता खाली बसली अन् गेली. पान्याचा पितळी गुंड भरून वाहून राह्यला होता. ताप मी सांगतला. त्याच्या आधी ती दोनदा पडली होती, एकदा वावरात, एकदा चुलीपाशी. तिचा भाऊ बी असाच गेलता, लगन व्हाच्या आधी. लोकं म्हनले असते का या घरात रोग आहे, तुमाले पोरी कोनी देल्ल्या नसत्या. म्हनून ताप. डॉक्टरले हे सगळं सांग. कागद पाह्यजे असन तं हाच दाखव.

आता दुसरं. हे लिहाले मले चार वर्सं लागले.

रुपेश सातवीत असतानी शाळेत प्रार्थनेच्या लायनीत पडला होता. मी तिथंच शिपाई, मीच उचललं. मास्तर म्हने, नत्थूजी, याले वर्ध्याले दाखवा. मी म्हटलं, उपाशी आहे पोट्टं, दुसरं काही नाई. कागदावर आलं असतं तं कोनत्याच भरतीत घेतलं नसतं. त्याले बी सांगतलं का कोनापाशी बोलू नको. तुले बी नाई सांगतलं. तू पळवलं तवा तुले काहीच मालूम नव्हतं. मले सगळं मालूम होतं. दररोज सकाळी मी दारात उभा राहून त्याले जाताना पाहो, अन् जाऊ देल्लं. मशानात तुह्यावर बोट दाखवलं, काऊन का ते नाई दाखवलं असतं तं माह्याकडेच वळलं असतं. तुहा फोन वाजे तवा मले तेच बोट दिसे.

चाकाचं तुहं चुकलं. ते चुकलंच. पन चाकानं नाई गेला तो.

पुलावरची रेघ पोट्टे नाई मारत. मी मारतो, दर दिवाळीले. रुपेशचं तेवढंच रस्त्यावर राह्यलं होतं म्हनून. गावातले चार पोट्टे त्याच रेघेवरून पळून राह्यले होते, हे खरं आहे. तुही चिठ्ठी आली त्या दिवशी बादली अन् ब्रश घेऊन गेलो, घासून काढली. पोट्ट्यायले सांगतलं, थांबा, माहा पोरगा सरकारी मोजनीवाला आहे, तो येऊन नवी मोजून देईन. अन् पळाच्या आधी छाती दाखवून या म्हटलं. हासले, पन दोघं जनं गेले.

तू आता दोन कामं कर. पौर्णिमाले आजच फोन लाव अन् सगळं सांग. लपवल्यानं काय होते ते तू या घरात पाह्यलं. अन् तो पडाचा खेळ बंद कर. पोट्टीचं काही चुकत नाई. कोनी पडलं का आपन बी डोळे मिटून घ्याचे, हेच मी या घरात शिकवलं. तिले कोनी सांगतलं नसन तरी ते रक्तातच आलं असन. तिले आता मी दुसरं शिकवतो. बाबा पडला का आजोबाले आवाज देजो, मी बाजूच्या खोलीत असन.

गुरुवारी सकाळच्या यष्टीनं येतो. चिठ्ठी आधी येते का मी, मालूम नाई. कपडे घेऊन येतो, दोन दिवसासाठी नाई. पंधरा तारखेले पोट्टीले दवाखान्यात मी कडेवर घेऊन जाईन. तिथं काय निघन ते निघन, यावेळी पाहू, डोळे उघडे ठेवून पाहू. तुह्या छातीत ते यंत्र बसलं अन् डॉक्टरनं जाऊ देल्लं का मशीन घेऊन अल्लीपूरले चाल. खरे सोळाशे मोजून दे. चुना मी मारतो. माहा रुपेश पास होता, हे मले त्या रस्त्यावर पाह्याचं आहे.

तिचा चमचा धुऊन देत जाजो.

मी येईस्तोवर दूध गॅसवर ठेवू नको. पोट्टीले थंडच दे.

नत्थू